विहिरीच्या तोंडावर

"मेलं हे झाकणसुद्धा आता माझं ऐकेना," म्हातारी पातेल्याला म्हणाली. "उचलावं तर चटका, ठेवावं तर खडखड. या घरात एकालाही गप्प बसता येत नाही."

उंबऱ्यात पदर खोचत उभी असलेली सून हसली नाही. हे बोलणं झाकणाला नव्हतं, तिला होतं. सासूची ही जुनी रीत. माणसांचा राग आला की ती भांड्यांशी बोले. माणसं उलटून बोलतात, भांडी फार तर वाजतात, असं तिचं म्हणणं.

"मी विहिरीच्या तोंडावर बसणार आहे, त्यावरून चाललंय ना हे? मग सरळ मला बोला, आई."

"मी कुठं काय म्हणाले? मी आपली झाकणाशी बोलते." म्हातारीनं झाकण पुन्हा आपटलं. "बसा म्हणावं. तोंडावर बसा, डोक्यावर बसा, मला काय! खाली कोण उतरणार तेवढं सांगा म्हणावं."

"कोण उतरणार ते तुम्हाला माहीत आहे."

झाकण गप्प झालं.

सुनेला सगळी वस्ती ठिणगी म्हणायची. खरं नाव दुसरंच होतं, पण हे नाव नवऱ्यानं ठेवलेलं. तो विहिरी खणायचा, खडक लागला की सुरुंग भरायचा. लग्नाला महिना झाला नसेल, तेव्हा चारचौघांत म्हणाला होता, "हिला सुरुंगाच्या दारूजवळ बसवू नका रे, वात लावायची गरजच पडणार नाही." लोक हसले, तीही हसली, नाव चिकटलं. नाव ठेवणाऱ्याला जाऊन आता तीन पावसाळे झाले होते, आणि त्यातला शेवटचा तर आलाच नव्हता.

तो विहिरीतच गेला. तळाशी खणत असताना बाजू ढासळली. त्यानं खालून हाका मारल्या होत्या, वरून कोणी ओ दिली नव्हती. त्या दिवशी खालच्या हाका ऐकायला विहिरीच्या तोंडावर बसला होता तो त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. या घरचा जावई. घरात सगळे त्याला दाजी म्हणायचे. ओ का दिली नाहीस, असं त्याला ज्यानं त्यानं विचारलं. तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलं म्हणे!" ठिणगी तेव्हा म्हणाली होती. "मीठ जास्त पडलं तर चुकलं म्हणतात."

तिनं घरोघर जाऊन सांगितलं. नवरा हाका मारत होता आणि दाजींनी ओ दिली नाही. यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्या गोष्टीचा तिला फार आधार वाटायचा. विहिरी खणणाऱ्या लोकांत एक पक्की रीत आहे. ज्यानं हाकेला ओ दिली नाही, त्यानं पुन्हा कधी तोंडावर बसायचं नाही. मग दाजीला कामावर कोणी घेतलंच तर खाली उतरण्यासाठी घेई. पाणी लागलेल्या, मऊ मातीच्या, नको त्या विहिरीत. तो उतरायचा. कुरकूर नाही, सबब नाही.

ठिणगीचं तेवढ्यानं भागलं नाही. "तो या उंबऱ्याच्या आत आला तर मी बाहेर पडेन," तिनं सासूला सांगून टाकलं. "आणि त्याची बायको आली तरीसुद्धा."

त्याची बायको म्हणजे म्हातारीची लेक. चार गल्ल्या पलीकडे राहणारी. तेव्हापासून त्या चार गल्ल्या काही केल्या संपेनात. मायलेकी भेटायच्या त्या पाण्याच्या रांगेत, तेही दोन टोकांना. म्हातारी लेकीशी बोलायची नाही, शब्दाला पक्की. पण लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या हंड्याशी बोलायची. "गुडघा कसा आहे म्हणतोस? बरा आहे. पोरीचा ताप उतरला का, ते कोण सांगणार मला?" आणि पलीकडच्या टोकाला एक कळशी उत्तर द्यायची, "उतरला हो उतरला, कालच उतरला."

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ठिणगीही ऐकायची. पण तिनं कधी मागं वळून पाहिलं नाही.

रांगेत दाजी आला की मात्र ती वळायची. "मागं व्हा जरा," ती म्हणायची, "इथं माणसं उभी आहेत." तो मागं व्हायचा. एकदा त्याची पाळी येईपर्यंत पाण्याच्या गाडीवरच्या टाकीत तळाचा गाळच उरला होता. त्यानं तोच भरला, फडक्यानं झाकला आणि निघून गेला. भांडला असता, एक शिवी दिली असती, तर ठिणगी त्या दिवशी पोटभर जेवली असती. त्याचं ते मुकाट्यानं जाणं तिच्या घशात अडकून बसलं.

यंदा पाऊस आलाच नाही. टाकीची गाडीही बेभरवशाची झाली. तेव्हा वस्तीची जुनी मोठी विहीर आणखी खोल खणायचं ठरलं. प्रत्येक घरातून एक माणूस. या घरातून एक म्हणजे ठिणगीच. माती वाहायला तिला सांगितलं असतं, पण ती सरळ मुकादमापुढं जाऊन उभी राहिली.

"मी तोंडावर बसते. बाईचा आवाज खाली स्पष्ट पोचतो, तुम्हीच म्हणता ना?"

मुकादमानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "खाली दाजी असेल."

"म्हणूनच विचारलं नाही, सांगितलं."

मुकादमानं दाजीकडे पाहिलं. दाजी पहारीचं टोक दगडावर घासत होता. "चालेल का रे?"

"चालेल," दाजी म्हणाला आणि घासत राहिला.

ठिणगीला वाटलं होतं तो घाबरेल. नाही म्हणेल. निदान एकदा वर बघेल. तिच्या मनात काय होतं? मारायचं नव्हतं, असं ती स्वतःला बजावायची. एकदा, फक्त एकदा त्याला कळायला हवं होतं की खालून हाक मारावी आणि वर कोणी नसावं, हे कसं लागतं. पुढचं पुढे. पुढचं ती मनातल्या मनातसुद्धा बघत नव्हती. रात्र झाली की अंथरुणाच्या घड्या घालायची, मोडायची, परत घालायची.

विहिरीवर कामाची मांडणी अशी होती. काठावर दोन लाकडी खांब, त्यात कप्पी. कप्पीवरून दोर खाली जायचा आणि दुसरं टोक लांब एका झाडापर्यंत. दोर ओढणारी माणसं ते टोक खांद्यावर घेऊन चालत सुटायची, की इकडे गाळाची बादली वर यायची. झाडापाशी खालचा आवाज पोचत नाही. म्हणून तोंडावर एक माणूस लागतो. खालून आलेली हाक त्यानं ऐकायची, ओ द्यायची आणि हात उंच करून ओरडायचं, "ओढा!" दुसऱ्या कोणी मध्ये बोलायचं नाही, विहिरीत दोन आवाज घुमले की खालचा गोंधळतो.

आणि सगळ्याच हाका कामाच्या नसतात. खालून आभाळ ताटलीएवढं दिसतं. अंगावर पाणी टपकत असतं, आपल्याच श्वासाचा आवाज मोठा होऊन परत येतो. मग माणूस उगाच हाक मारतो. वर कोणी आहे ना, एवढंच विचारतो.

ठिणगी पहिल्या दिवशी तोंडावर येऊन बसली, तर तिथं आधीच एक जण होता. ओबुवा.

बुवा पूर्वी विहिरींचे मोठे मिस्त्री. एका सुरुंगात डोळे गेले. तेव्हापासून विहिरीजवळच्या खोपटात राहायचे. ना पोथी, ना माळ, ना कोणाला उपदेश. एकच नेम. हाक आली की ओ द्यायची. माणसाची असो, कावळ्याची असो. पोरं भिंतीआड लपून "बुवा, बुवा" करून पिडायची. बुवा प्रत्येक हाकेला तितक्याच सावकाश ओ द्यायचे. पोरंच आधी दमायची. अडलेली, रडलेली माणसं संध्याकाळी त्यांच्या दारात येऊन हाक मारत, बसत, बोलत, आणि थोडी हलकी होऊन घरी जात. कोणी त्यांना संत म्हणे, कोणी अर्धवट म्हणे. बुवा दोघांनाही ओ देत.

"तुम्ही इथं कशाला?" ठिणगीनं विचारलं.

"ऊन चांगलं आहे इथं."

आगीसारखं ऊन होतं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

दाजी खाली गेला. पहारीचे ठोके सुरू झाले. थोड्या वेळानं पहिली हाक आली, "ए, वर!"

ठिणगीनं ओठ मिटले. छातीत ठोके, खाली ठोके. एक, दोन.

"ओ!" बुवा म्हणाले.

तिनं झटक्यात त्यांच्याकडे पाहिलं. खालून आवाज आला, "ओढा!" मग तिला हात करावाच लागला. बादली वर आली. दुसरी हाक, ती गप्प, बुवांची ओ. तिसरी, तसंच. झाडाखालून दोर ओढणारी लोहारीण ओरडली, "अगं ठिणगे, गाळच किती पाठवतोय तो, एखादी बादली लोण्याची पाठव म्हणावं!" सगळे हसले.

दुपारी दोर थांबला तशी ती बुवांवर उसळली. "हाक मला होती. तुम्ही का ओ देता?"

"तू देत नव्हतीस."

"मी देणारच होते."

"मग आता दोन झाल्या म्हणायच्या. एक ठेवू उद्याला."

"चेष्टा करू नका बुवा. तो माणूस कोण आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. खाली आहे तो."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिनं बुवांना सावलीत बसवायला पाहिलं, पाणी आणायला म्हणून उठवायला पाहिलं. बुवा काठीनं दगड चाचपत तेवढ्यातच परत येऊन बसत. तोंडावर ती बसली होती आणि काम बुवा करत होते. आणि खाली दाजीला कळत तर असणारच, ओ कोणाची येते ते. तरी तो रोज उतरत होता. तिचं डोकं भणभणायचं. घरी येऊन ती स्वच्छ भांडी पुन्हा घासायला काढायची, अंगण झाडून झालं की परत झाडायची. म्हातारी झाडूला म्हणायची, "अरे बाबा, पुरे. आता जमीन निघेल खालची."

एका दुपारी ठिणगीनं बुवांना धारेवरच धरलं.

"तुमचे डोळे गेले, तेव्हा वात कोणी लावली होती?"

"तुझ्या सासऱ्यानं," बुवा म्हणाले. "घाई झाली त्याला. मी अजून शिडीवरच होतो."

"आणि तुम्ही त्यांना माफ केलंत. मोठेपणा तुमचा. मला नाही जमणार."

"कोण म्हणतं माफ केलं?" बुवा हसले. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसणं पोरासारखं दिसायचं. "माफबीफ काही नाही. तो रोज यायचा माझ्या दारात. हाक मारायचा, मिस्त्री, ओ मिस्त्री. मी गप्प. तो उभा राहायचा, उभा राहायचा, आणि जायचा. फार गोड लागायचं मला. आत बसून त्याची पावलं ऐकायचो, कशी जड पडतात ती. वर्षभर केलं असेल असं."

"मग?"

"मग एक दिवस तो यायला उशीर झाला, तर माझा जीव खालीवर. का आला नाही, का आला नाही. तेव्हा ध्यानात आलं, दिवस उजाडल्यापासून मी त्याच्या हाकेचीच वाट बघत बसतो. कशासाठी? तर ओ न देण्यासाठी. दुसरा उद्योगच उरला नव्हता. म्हटलं, डोळे गेले ते गेले, वर ही राखण कोण करत बसणार? दुसऱ्या दिवशी दिली ओ."

"काय म्हणाले मामंजी?"

"काय म्हणणार? दारातच उभा राहिला. मग म्हणाला, पाणी आणू का. म्हटलं, आण."

ठिणगी पायानं खडे सरकवत राहिली. मग म्हणाली, "तुमचे डोळे गेले. माझा माणूस गेला. दोन्ही एका तराजूत घालू नका."

"नाही घालत." बुवांनी चेहरा तिच्याकडे वळवला. आंधळ्या माणसानं बघितलं की जास्तच बघितल्यासारखं वाटतं. "त्या दिवशी तूही होतीस ना तिथं?"

"जेवण घेऊन गेले होते."

"हं."

एवढंच. पण ती उठली आणि नसलेल्या कामाला निघून गेली.

जेवण घेऊन गेली होती, हे खरं. तिच्या आईला बरं नव्हतं आणि नवरा रोज म्हणायचा, ही विहीर होऊ दे, मग नेतो तुला. आदल्या रात्री त्यावरून वाजलं होतं. सकाळपासून तिनं अबोला धरला होता. डबा भरला तोही आदळआपट करत. उन्हातून तरातरा गेली ती, इतकी की पाण्याची कळशी घरीच राहिली. विहिरीपाशी पोचली. दाजी तोंडावर बसला होता, तिला बघून हसला होता. इथपर्यंत तिला सगळं आठवायचं. पुढं कप्पीत दोर अडकावा तसं काहीतरी व्हायचं आणि आठवण जागच्या जागी फिरत राहायची.

मग एका सकाळी बादलीतून ओला मुरूम आला. लोहारणीनं तो मुठीत दाबला, बोटांतून पाणी ओघळलं. बायकांनी एकमेकींच्या गालांना चिखल फासला. मुकादमानं टोपी उडवली आणि ती विहिरीत पडता पडता वाचली. पाणी जवळ आलं होतं. पण पाणी जवळ येतं तेव्हाच विहिरीच्या बाजू सुटतात, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं. मुकादम दाजीला हळूच म्हणाला, "दोन दिवस थांबू या का? लाकडं लावून घेऊ कडेला." दाजीनं पाण्याच्या रांगेकडे पाहिलं. ती पार रस्त्यापर्यंत गेली होती. "थांबून कसं चालेल?" तो म्हणाला.

त्याच सुमारास बुवांचा घसा बसला. इतके दिवस धूळ खाल्लेली. आधी घोगरा झाला, मग खरखर, मग नुसता वारा. मुकादमानं ठिणगीला विचारलं, "दुसरं कोणी देऊ का जोडीला?"

"कशाला?" ती म्हणाली. "मी आहे ना."

त्या सकाळी म्हातारी डब्याशी बोलत होती. "आज तुला मीच घेऊन जाते. ऊन झालं तर होऊ दे."

ठिणगी थबकली. मुलगा गेल्यापासून म्हातारी कुठल्या विहिरीकडे फिरकली नव्हती. "तुम्ही कशाला, आई? मी नेते की बरोबर."

"मी डब्याशी बोलतेय," म्हातारी म्हणाली.

विहिरीवर बुवा आपल्या जागी होते. गळ्याला फडकं. दाजीनं रोजच्यासारखी दोराची गाठ ओढून पाहिली. उतरताना, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तिच्याशी बोलला. तिच्या पायांकडे बघत. "झाडाकडची बाजू मऊ झालीय. हाक मारली की लगेच ओढायला सांगा."

"बरं."

तो खाली गेला. ठोके आज ओले येत होते, पीठ तिंबल्यासारखे. ऊन चढलं. झाडाखाली लोहारीण कोणाची तरी नक्कल करत होती, तिकडे हशा चालला होता.

"ए, वर!"

ठिणगी बसून राहिली. शेजारी बुवांचे ओठ गोल झाले. त्यातून फक्त वारा आला. ठोके थांबले. खालचा माणूस ऐकतोय, हे तिला वरून कळलं. कान टवकारून, मान वर करून. आणि तिला ते गोड लागलं. बुवांनी सांगितलं होतं अगदी तसंच, जिभेच्या मुळापर्यंत गोड.

"वर कोण आहे? ओढा! माती सुटतेय!"

आता तिलाही ऐकू येत होतं. टप, टप, खडे पाण्यात पडत होते. हात उंच करायचा होता फक्त. हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. तेवढ्यात बुवांनी चाचपत तिचा तो हात धरला. तिला वाटलं ओढतील, वर करतील. त्यांनी तसं काही केलं नाही. तिचा तळवा त्यांनी आपल्या गळ्यावर नेऊन ठेवला. फडक्याखाली सुरकुतलेलं, गरम कातडं. आणि आत काहीतरी धडका देत होतं, पुन्हा पुन्हा, कोंडलेल्या पाखरासारखं. आवाज नव्हता, पण बुवा ओ देत होते. देतच होते.

खालून तिसरी हाक आली. ओरडून नाही, जवळ बसलेल्या माणसाला विचारावं तशी.

"वहिनी, आहात ना?"

कप्पीत अडकलेला दोर सुटला. त्या दिवशीची तिसरी हाकही दोरासाठी नव्हती. डब्याचा आवाज खालपर्यंत गेला असेल, किंवा तिची पावलं त्यानं ओळखली असतील. नवरा खालून म्हणाला होता, "ठिणगे, आलीस का गं? बोल की."

तिच्या घशातून काहीतरी फाटत बाहेर आलं. ओ होती की किंकाळी, कोण जाणे. दोन्ही हात वर गेले. "ओढा! ओढा रे! पळा!"

झाडाखालचं हसू जागीच तुटलं. दोर खांद्यावर घेऊन माणसं धावत सुटली. कप्पी किंचाळली. दाजी एक पाय दोराच्या फासात अडकवून भिंतीवर आपटत, खरचटत वर आला. ठिणगीनं त्याला बगलेत हात घालून काठावर ओढलं. तो पालथा पडतोय न पडतोय, तोच खाली दमलेलं जनावर बसावं तशी अख्खी बाजू बसली. धुळीचा लोट वर आला.

माणसं गोळा झाली. रांगेतल्या बायका हंडे टाकून आल्या. दाजीची बायकोही धावत आली आणि सवयीनं लांबच थांबली. म्हातारी डब्याचं गाठोडं छातीशी धरून काठापाशी उभी होती. केव्हा आली होती, कोणाला कळलं नव्हतं.

मुकादमानं दाजीला उठवून बसवलं. "हाक मारली होतीस ना?"

दाजी खोकत होता.

"मग इतका उशीर कसा झाला?" मुकादम विचारत दाजीला होता, बघत ठिणगीकडे होता. सगळेच बघत होते. रीत सगळ्यांना माहीत होती. "ओ दिली होती का नाही?"

बुवा आपल्या दगडावर बसून होते. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी घसा नव्हता.

"दिली होती," दाजी म्हणाला. "वहिनींनी लगेच दिली. माझ्याच कानात चिखल गेला होता."

गर्दीनं श्वास सोडला. लोहारीण पुढे झाली, "जीव वाचला ना? मग पुरे तुमची चौकशी. पाणी द्या त्याला आधी."

म्हातारी खाली बसली. गुडघा धरून, सावकाश. मांडीवर गाठोडं सोडलं आणि डब्याला म्हणाली, "दोनदा झालं. माझा जावई दोनदा खोटं बोलला. मागं म्हणाला, चुकलं माझं. आज म्हणतो, कानात चिखल. आणि दोन्ही वेळा एकीसाठीच."

"काय म्हणता, काकू?" मुकादम वाकला.

"मी कुठं काय म्हणाले? मी डब्याशी बोलतेय."

ठिणगी तिच्यासमोर येऊन बसली. साडीभर चिखल, हातांवर दाजीचं रक्त. "तुम्ही होतात तिथं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

"कळशी विसरून गेली होतीस तू," म्हातारी डब्याचं झाकण पुसत राहिली. "म्हटलं, डबा गेला, पाणी राहिलं. मागोमाग घेऊन आले. तिथल्या झाडापर्यंत आले होते, तिथून दिसलं मला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"लेक निदान चार गल्ल्यांवर होती. ओरडलं तर ऐकू यायची. तुला घालवलं असतं तर तू कुठं गेली असतीस?" झाकणावर एक थेंब पडला, तोही तिनं पुसला. "एक गेला होता की. अजून किती घालवू?"

लोक एकमेकांकडे बघत होते. दाजी धडपडत उठायला लागला. "वहिनी, राहू द्या. आई, तुम्हीपण राहू द्या. झालं गेलं."

"सांगा ना मग," ठिणगी सासूला म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "तुम्हीच सांगा आता सगळ्यांना."

म्हातारीनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा भांड्यावरची नजर उचलली आणि सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी नाही सांगणार. तोंड तुला आहे."

ठिणगी उठली. नणंद लांब उभी होती, तिला ऐकू जायला हवं होतं, म्हणून तिकडे तोंड केलं. बुवांनी मान वर केली होती, हाक ऐकू येण्याआधी करत तशी.

"दाजींच्या कानात चिखल नव्हता," ती म्हणाली. "आज मीच ओ दिली नाही. मरता मरता वाचले ते."

"वहिनी—"

"आणि त्या दिवशी माझं भांडण झालं होतं घरी, मी अबोला धरला होता. मी तिथं काठावरच उभी होते, डबा घेऊन. तो हाका मारत होता. दाजी ओ द्यायला वाकले होते. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, ओ देऊ नका दाजी, बसू दे जरा ओरडत."